‘रॉबिन हूड्स बे’ : उपसागर, आखात की नुसते नाव?

अनुवादक : उत्तर यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील एका पदयात्रेच्या वर्णनाचा मराठी अनुवाद करताना एका नावापाशी काम अडले आहे. व्हिटबीच्या दक्षिणेस ‘रॉबिन हूड्स बे’ नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे आणि ते ज्या पाण्याच्या काठी वसले आहे, त्या पाण्याचेही नाव तेच आहे. मी पाण्यासाठी ‘रॉबिन हूडचा उपसागर’ असे लिहिले होते, पण उपसागर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे बंगालचा उपसागर उभा राहतो, असे सांगून संपादकांनी त्याचे ‘आखात’ केले. मला आखात पटत नाही, कारण कच्छचे किंवा खंबातचे आखात जमिनीत खोलवर शिरलेले असते, आणि येथे तर कड्यांच्या मधोमध किनारा कमानीसारखा आत वळला आहे, एवढेच. खाडी म्हणावे तर भरतीचे पाणी आत घेणारे नदीचे मुख मनात येते. त्याच प्रदेशात रॉबिन हूड या इंग्लंडच्या दंतकथांतल्या ‘आउटलॉ’ (कायद्याबाहेर टाकलेल्या) तिरंदाजाच्या नावाचे उंचवटे, खडक आणि झरेही आहेत, त्यामुळे एकदा ठरवलेली पद्धत सगळीकडे पाळावी लागेल. जाणकारांनी मत द्यावे.

किनारपट्टीवाला : उपसागरच ठेवावा. शब्दाला आकाराचे बंधन नाही, ते आपल्या शालेय नकाशांनी घातले आहे. गावाचे नाव मात्र मुळीच अनुवादू नये. तेथील लोक गावाला नुसते ‘बे’ किंवा ‘बे टाउन’ म्हणतात, म्हणजे त्यांच्यापुरता तो शब्द सामान्यनाम राहिलेलाच नाही.

शुद्धलेखक : असहमत. वाचकाला ‘बे’ म्हणजे काय हे कळलेच नाही, तर नावातली गोष्टच हरवते. आपण ‘केप ऑफ गुड होप’चे ‘केप’ टाकून त्याला आशेचे भूशिर म्हणतोच ना? परभाषेतील नाव मराठीत आणताना त्याचा अर्थ दारातच काढून ठेवायचा, ही अलीकडची आळशी सवय आहे.

मुळाक्षर : या दोन्ही मतांच्या आधी ‘चा’चा विचार करायला हवा. त्या नावातली खरी मौज षष्ठीत आहे. रॉबिन हूड तेथे कधी गेला, याचा पुरावा नाही. तरीही लोकांनी मालकी त्याच्याकडे दिली आहे. पाणी उपसागर ठरले तर ‘चा’, खाडी ठरली तर ‘ची’ आणि आखात ठरले तर ‘चे’ येईल, पण ती षष्ठी गाळून ‘रॉबिन हूड उपसागर’ असे लिहिले की ते एखाद्या सरकारी ठरावातून आलेले नाव वाटते. डॉनकास्टरजवळ 2005 साली सुरू झालेल्या विमानतळाला त्याचे नाव दिले होते, तेथे षष्ठी नव्हती, कारण ते नाव पर्यटकांसाठी ठेवलेले होते. पुढे नाव बदलले आणि 2022 मध्ये विमानतळही बंद पडला. खडकांची नावे मात्र अजून टिकून आहेत.

लेणीप्रेमी : मुळाक्षर यांच्या मुद्द्याला आपल्याकडे सरळ जोड आहे. नाशिकची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, तरी लोकांच्या तोंडी ती ‘पांडवलेणी’ आहेत. डोंगरातले ओढ्याचे कुंड ‘सीतेची न्हाणी’ होते. कोणी केले हे ठाऊक नसले की आपल्याकडे पांडवांचे नाव पुढे येते, इंग्लंडात आर्थर राजाचे, सैतानाचे किंवा रॉबिन हूडचे. डर्बीशायरमध्ये दोन उंच सुळके असलेला खडक ‘रॉबिन हूड्स स्ट्राइड’ म्हणून ओळखला जातो, कारण एका सुळक्यावरून दुसऱ्यावर त्याने ढांग टाकली, असे सांगतात. क्रेसवेल क्रॅग्ज या दरीतील ‘रॉबिन हूडच्या गुहे’त तर 1876 मध्ये घोड्याचे डोके कोरलेले हिमयुगातले हाड सापडले. व्हिटबीजवळच्या माळावरील ‘रॉबिन हूड्स बट्स’, म्हणजे तिरंदाजीच्या सरावाची निशाणे, ही प्रत्यक्षात कांस्ययुगातील दफनाचे ढिगारे आहेत. म्हणून ‘रॉबिन हूडची ढांग’ आणि ‘रॉबिन हूडची निशाणे’ असेच लिहावे.

बंडखोर : मला आधी हे सांगा की तुम्ही रॉबिन हूडला मजकुरात काय म्हणणार आहात. दरोडेखोर? मध्ययुगीन इंग्लंडात ‘आउटलॉ’ हे कृत्याचे नाव नव्हते, ती कायद्यातली अवस्था होती. परगण्याच्या लागोपाठच्या पाच सभांत पुकारा होऊनही माणूस हजर झाला नाही, तर त्याला कायद्याबाहेर घोषित करत आणि त्याची मालमत्ता जप्त होई. अशा माणसाला ‘लांडग्याचे डोके’ म्हणत, कारण एके काळी लांडग्याप्रमाणे त्याला कोणीही मारावे, अशी मोकळीक होती. दरोडेखोर म्हटले की हे सगळे पुसले जाते.

शुद्धलेखक : ‘पुंड’ हा चांगला मराठी शब्द पडून आहे. पुंड-पाळेगार आपण आजही म्हणतो.

बंडखोर : पुंडात दांडगाई आहे, कायद्याने हाकलले जाणे नाही. ‘परागंदा’ त्याहून जवळचा आहे, आणि सौराष्ट्रातला ‘बहारवटिया’ सर्वांत जवळचा, कारण तोही अन्यायानंतर गाव सोडून राज्याशी वैर धरणारा असतो, आणि लोक त्याची गाणी गातात.

किनारपट्टीवाला : गुजरातीतून उसना घेण्यापेक्षा आपल्या गावांच्या नावांकडे पाहावे. पुणे जिल्ह्यात देवाची आळंदी आहे तशी चोराची आळंदीही आहे. लोकांनी ‘चोर’ हा साधा शब्द नावात शतकानुशतके निःसंकोच ठेवला आहे.

मुळाक्षर : पण तेथे चोर कोण हे नावात नाही, येथे नामांकित पुरुष आहे. शिवाय त्याच्यावरून दोन परगणे आजही भांडतात. नॉटिंगहॅमशायरला शेरवुडचे जंगल हवे असते, तर यॉर्कशायरवाले आपल्या बार्न्सडेलच्या जंगलाकडे बोट दाखवतात. बार्न्सडेलजवळ त्याच्या नावाचा दगड 1422 च्या एका दस्तऐवजात नोंदलेला आहे, आणि जुन्या पोवाड्यांतही बार्न्सडेल येते. एवढ्याने माणूस सिद्ध होत नाही, गोष्ट तोवर तेथे पोहोचली होती एवढेच कळते. अनुवादकाने तळटीप द्यायचीच असेल, तर ही द्यावी.

शुद्धलेखक : ‘पोवाडा’ कशाला? पोवाड्याला डफ, तुणतुणे आणि शाहीर लागतो. ‘कथागीत’ म्हणावे.

अनुवादक : सर्वांचे आभार. ‘ढांग’ आणि ‘निशाणे’ घेत आहे. उपसागराबद्दल एकमत नाही, म्हणून तूर्त गावासाठी मूळ नाव आणि पाण्यासाठी ‘रॉबिन हूडचा उपसागर’ ठेवून मजकूर संपादकांकडे पुन्हा पाठवतो. मात्र बार्न्सडेलमध्ये ‘रॉबिन हूड्स वेल’ही आहे. अठराव्या शतकात त्यावर बांधलेली कमानींची दगडी छत्री 1960 च्या दशकात महामार्ग रुंद करताना मूळ जागेवरून बाजूला हलवली. याला विहीर म्हणावे का?

लेणीप्रेमी : विहीर म्हणू नये. इंग्रजी स्थलनामांत तो शब्द बहुतेक वेळा आपोआप वाहणाऱ्या झऱ्यासाठी येतो. खणलेल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

किनारपट्टीवाला : पण छत्री हलली आणि झरा मागेच राहिला, तर नाव आता कोणाचे? वाटसरू थांबून पाहतात ती छत्री, त्यामुळे ‘झरा’ लिहिले तर वाचक तेथे पाणी शोधेल.

शुद्धलेखक : ‘रॉबिन हूडची पाणपोई’ चालेल.

मुळाक्षर : पाणपोई कोणीतरी घालावी लागते. ‘झरा’च लिहावे आणि छत्री हलवल्याचे त्याच वाक्यात सांगून टाकावे.