नवे अभ्यासग्रंथ मिळवायचे कसे?

‘विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांची नवी पुस्तकं सामान्य वाचकासाठी नसतातच, किमतीच बघा’ असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. किमतीबद्दल पूर्ण सहमत. पहिली कापडी बांधणीची आवृत्ती बहुधा ग्रंथालयांसाठीच काढलेली असते. पण म्हणून पुस्तकं हाती येतच नाहीत, हे आता खरं राहिलेलं नाही. २०१२ पासून ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स’ ही इंटरनेटवरची सूची आहे. तिच्यात फक्त तज्ज्ञांनी तपासलेली पुस्तकं घेतात आणि ती मोफत वाचता येतात. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने, एमआयटी प्रेसने, २०२१ मध्ये ‘डायरेक्ट टू ओपन’ योजना आणली: ग्रंथालयांनी मिळून पुरेसा निधी उभा केला, की नवे संशोधनग्रंथ सगळ्यांसाठी खुले. लेखकाच्या खिशाला हात न लावता हे होतं, मला याचंच सर्वाधिक मोल वाटतं.

माझी एक सवय सांगतो. विषय अनोळखी असेल तर मी आधी प्रस्तावना आणि शेवटची शब्दसूची वाचतो. सूचीत कोणत्या नावापुढे किती पानं आहेत, यावरून लेखकाचा खरा रोख कळतो. नियतकालिकांतली परीक्षणं यायला अनेकदा वर्ष-दोन वर्षं लागतात, तोवर थांबायचं कशाला?