बाबांची ८८ ची चेतक की माझी २००४ ची अ‍ॅक्टिव्हा, ठेवू कुठली?

एकचपार्किंग: सोसायटीने एका फ्लॅटला एकच टू-व्हीलर ठरवलंय म्हणून हा घोळ. दोन्ही गाड्या चालू आहेत, म्हणजे चेतक रोज सकाळी आधी आडवी करायची, मग सात-आठ किका, मग निळा धूर, मग शेजारच्या काकू धाडकन खिडकी लावतात. माझं मत अ‍ॅक्टिव्हाला. चेतक तेव्हाही डोक्याला तापच होती, फक्त दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून लोकं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची. बोला आता.

टूस्ट्रोकवाला: ताप?? कात्रजच्या जुन्या घाटात क्लच केबल तुटली होती माझी, डिकीत स्पेअर होतीच, कडेला बसून पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरवर अर्ध्या तासात घातली आणि निघालो. तुमच्या अ‍ॅक्टिव्हाचा चाक फिरवणारा बेल्ट तुटू दे एकदा खंबाटकीत, मग बसा ढकलत. आणि स्टेपनी! पंक्चर झालं की नट सोडा, चाक बदला, पुढे मागे दोन्हीकडे तेच चालतं. कुठल्या शहाण्याला ती नकोशी झाली देव जाणे.

मंडईकरीण: अर्ध्या तासात घातली ठीक आहे हो, पण घालणार कोण? आमच्याकडे सोळा वर्षं चेतक होती, आईने एकदाही चालवली नाही. डाव्या मुठीत क्लच दाबून तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा, इंजिन उजव्या अंगाला म्हणून गाडी तिकडे ओढणार, वर ते धूड स्टँडवर चढवा. ती आपली मागे एका बाजूला बसायची, मांडीवर दळणाचा डबा. ५१ व्या वर्षी अ‍ॅक्टिव्हा शिकली आणि पंधरा दिवसांत एकटी मंडईत. स्टेपनी तिला कधी आठवली नाही.

जुनापुणेकर: सगळं श्रेय अ‍ॅक्टिव्हाला नको. बिनगिअरची, बटणस्टार्ट कायनेटिक होंडा १९८४ लाच आली होती, आमच्या बँकेतल्या निम्म्या बायका त्याच्यावर यायच्या.

मंडईकरीण: हो पण पेट्रोल किती प्यायची ते पण सांगा की काका :)

टूस्ट्रोकवाला: ताई, आईंचं एकदम मान्य. पण गाडी पत्र्याचीच पाहिजे, हल्लीचं फायबर म्हणजे नुसतं हात लावला की चीर.

एकचपार्किंग: अहो २००४ ची आहे, हिचीपण बॉडी पत्र्याचीच, नाणं वाजवून बघा. राहता राहिली आरसी, ती दोन्हींची पंधरा वर्षं उलटलेली, दर ५ वर्षांनी रिन्यू करायला आरटीओ आहेच.

एकचपार्किंग: अपडेट. बाबांना सगळं वाचून दाखवलं. चेतक वीक म्हणाले, पण स्टेपनी काढून माळ्यावर ठेव. म्हटलं अ‍ॅक्टिव्हाला नाही बसत ती. म्हणाले, माहितीये मला.