मदत हवी आहे: शुगर लो झाल्याचं कुत्रीला ओळखायला शिकवायचंय (पुणे)

नमस्कार मंडळी. लेकीला टाइप १ डायबिटीस आहे. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर आहे, पण रात्री ती त्याच कुशीवर झोपली की तो दाबला जाऊन उगाचच लो दाखवतो आणि अख्खं घर जागं होतं. आमची देशी चिंगी तिच्या पलंगाखालीच झोपते, नाकाची भलती तिखट. म्हटलं, तिलाच तयार करू.

शुगर ७० च्या खाली गेली की लेकीच्या गालात पटकन कापसाचा बोळा फिरवते, मग लगेच ग्लुकोज देते. बोळा झिपच्या पिशवीत, वर तारीख आणि आकडा, आणि फ्रीझरमध्ये. (सासूबाई मटारांशेजारी ते बघून रोज नाक मुरडतात.) डब्यांच्या रांगेतून चिंगी असा बोळा ठेवलेला डबा बरोबर शोधते. पण झोपलेल्या लेकीजवळ ढिम्म! डब्यावरून तिला माणसावर कसं आणायचं? नॉर्मल शुगरचे बोळे किती मिसळायचे?

कोथरूड-कर्वेनगरकडे वास ओळखायला शिकवणारं कुणी आहे का? 'बस, ऊठ' शिकवणारे पुष्कळ भेटले, ते नकोत. आणि हो, ग्लुकोमीटर आम्ही सोडणार नाही, तेव्हा त्यावरून ओरडू नका.