मदत हवी आहे: बडोद्यात आई आणि मी, योगाची कुठली पद्धत घ्यावी?

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारात राहतो. मी ४६ वर्षांची, बँकेत दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलेली. आई ७१ वर्षांची, रक्तदाबाची गोळी रोज चालू, गुडघे दुखतात. दोघींनी मिळून योग करायचा असं गणपतीत ठरवलं, पण कुठला, इथेच घोडं अडलंय.

मागच्या वर्षी मी जवळच्या एका वर्गाला सहा आठवडे गेले. तिथे विन्यास शिकवायचे, श्वासागणिक हालचाल, मधे उसंत नाही. झोप छान लागायची, ते खरं. पण चतुरंग दंडासन (हातांवर भार घेऊन शरीर जमिनीलगत आडवं धरायचं) इतक्या वेळा यायचं की उजवं मनगट दुखावलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, सवयीने जाईल. तीन महिने पोळ्या लाटताना कळ यायची.

तेव्हापासून वाचतेय. पट्टाभि जोइसांचा म्हैसूरचा अष्टांग म्हणजे ठरलेल्या क्रमाने जोरकस आसनं, ताकद येते, पण मनगटाचं काय? अय्यंगारही जोइसांच्याच गुरूंचे, कृष्णमाचार्यांचे शिष्य, तरी पुण्यात त्यांनी पट्टा, ठोकळे, लोड, खुर्ची यांचा आधार घेऊन एकेका आसनात थांबायला शिकवलं. मुंगेरच्या बिहार पद्धतीची योगनिद्रा (पडून सूचना ऐकत घ्यायची विश्रांती) आईने मोबाइलवर ऐकली, ती तिला फार आवडली. आता तिला कपालभातीही करायची आहे, बागेत सगळे करतात म्हणून. मला भीती वाटते. दोघींना एकत्र जमेल असं काही आहे का?

प्रतिसाद

ताई, आईंना कपालभाती, भस्त्रिका असे जोरजोरात श्वासाचे प्रकार आणि श्वास रोखून धरणं नको. शीर्षासन, सर्वांगासनही नको. डॉक्टरांना विचारून श्वास न रोखता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी करू द्या, योगनिद्रा तर चालू ठेवाच.

आसनांसाठी मी अय्यंगार म्हणेन. आई खुर्चीवर बसून पीळ देतील, तुम्ही उभ्याने त्रिकोणासन कराल, वर्ग एकच. अधोमुख श्वानासनात हात जमिनीऐवजी भिंतीवर टेका, मनगटावर फारसा भार येत नाही.

तसा वर्ग नाहीच मिळाला तर कैवल्यधामाची पद्धत बघा. आसनात सावकाश जायचं, जोर लावायचा नाही, जमेल तेवढंच थांबायचं. आणि ती तुमच्याच भागातली आहे हो! कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद डभोईचे. बडोद्यात माणिकरावांच्या व्यायामशाळेत तयार झाले, उड्डियान बंध आणि नौली या पोटाच्या क्रियांवरचे पहिले प्रयोगही त्यांनी बडोद्यातच केले. लोणावळ्याचं कैवल्यधाम त्यानंतर, १९२४ मध्ये.

धागाकर्ती

मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. माणिकरावांचं नाव ऐकताच ती खुलली, तिचे वडील त्याच व्यायामशाळेत मल्लखांब करायचे. कपालभातीचा हट्टही सोडला. भिंतीवर हात टेकून मी आत्ताच करून पाहिलं, मनगट अजिबात दुखलं नाही.

वाडी किंवा मांजलपूरकडे अय्यंगार पद्धतीचा वर्ग कुणाला माहीत आहे का? तळमजल्यावरचा हवा, आईला जिना चढवत नाही.