मदत हवी आहे: बाबांचं गुपित वाचकाला आधीच कळतंय

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका वाड्यात घडणारी रहस्यकादंबरी लिहितेय. काळ 1985. आजीचा हात उष्ट्या कपाला लागला की त्या माणसाचं मरण तिला दिसतं. नातीलाही दिसू लागतं, मधल्या आईला मात्र नाही.

वारशाचा नियम रंगांधळेपणाचा घेतलाय, म्हणजे एक्स गुणसूत्रावरचा अप्रभावी जनुक (मुलाला आईकडून आलेला एकच पुरतो, मुलीत मात्र आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो). त्या हिशेबाने आई नुसती वाहक (जनुक आहे, शक्ती नाही), मामाला शक्ती येणारच. आणि मुलीत ती उतरायची तर बापाकडेही हवी. सगळं रहस्य इथेच आहे: मामाचं मरण बाबांना आधी दिसलं होतं, तरी ते गप्प बसले.

चौथ्या प्रकरणात बाबा पाहुण्यांचे कप उचलायचं टाळतात असं दाखवलं, तर वाचायला दिलेल्या दोघी मैत्रिणींनी लगेच ओळखलं. तो प्रसंग काढून सगळं शेवटी उघड केलं, तर म्हणाल्या, "ही फसवणूक झाली."

निवेदन नातीचंच राहणार. डीएनए चाचणी नको, अंगात येणं नको, मांत्रिक तर नकोच (तो आला की भीती पळते!).

बाबांबद्दलचा एकच धागा पेरायचाय. आईच्या तोंडून आला तर तिलाही ठाऊक होतं असं ठरतं. मग कुणाकडून आणि साधारण कुठल्या टप्प्यावर पेरू?