शब्दचर्चा: ‘मतदानाचा हक्क’ की ‘मताचा हक्क’? आणि आमदाराकडे जाण्याला काय म्हणायचं?

ऑस्टिनहून, मूळ प्रश्न

आमच्या भागातल्या मराठी ज्येष्ठ मंडळींसाठी दोन पानी माहितीपत्रक करते आहे. मुलांकडे राहायला आलेले आणि पुढे इथले नागरिक झालेले बरेच आजी-आजोबा आहेत. त्यांना मत आहे, पण इंग्रजी जेमतेम. टेक्ससच्या विधिमंडळात निवडणूक कायद्यात बदल होऊ घातले, की आपलं म्हणणं आपल्या आमदारापर्यंत कसं न्यायचं, हा पत्रकाचा विषय. भारतातून आलेल्या माणसाला वाटतं, निवडणुकीचा कायदा म्हणजे दिल्लीचं काम. इथे तसं नाही. मतदार नोंदणी कशी करायची, मतदान केंद्र किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, टपालाने मत कोणी द्यायचं, यातलं बहुतेक राज्य ठरवतं. टेक्ससच्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दर विषम वर्षी जानेवारीपासून जास्तीत जास्त १४० दिवस भरतं. खालच्या सभागृहात १५० सदस्य आणि वरच्यात ३१. त्यांना मी सरळ ‘आमदार’ म्हटलंय, म्हणजे वॉशिंग्टनला बसणाऱ्या खासदारांशी गल्लत होणार नाही.

अडलंय ते तीन शब्दांशी: ‘व्होटिंग राइट्स’, ‘ॲडव्होकसी’ (आपलं म्हणणं आमदारांकडे लावून धरणं) आणि विधिमंडळाच्या समितीपुढे द्यायची ‘टेस्टिमनी’. पहिल्या मसुद्यात मी अनुक्रमे ‘मतदानाचा हक्क’, ‘जनवकिली’ आणि ‘साक्ष’ लिहिलं. तिन्ही मला खटकतायत. सुचवा.

नाशिकहून

ताई, मी नोकरीतली बरीच वर्षं तहसीलच्या निवडणूक शाखेत काढली, म्हणून लिहितो.

‘साक्ष’ नको. साक्ष म्हटलं की म्हातारं माणूस कोर्ट-कचेरी समजून मागे सरतं. आमच्याकडे महापालिकेची प्रारूप प्रभागरचना किंवा प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली, की लोकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवतात. मग सुनावणी होते आणि नोंदीत लिहिलं जातं, ‘हरकतदाराचे म्हणणे ऐकून घेतले’. यातला ‘हरकतदार’ मला फार आवडतो. तो विनंती करायला आलेला नसतो. यादीत चूक आहे किंवा प्रभागाची हद्द चुकीची ओढली आहे, हे तो नोंदवायला आलेला असतो आणि ते ऐकून घेणं कार्यालयाला भाग असतं. ‘हरकत’ मूळ अरबी, अर्थ हालचाल. मराठीत आल्यावर ती अडथळा झाली, मग आक्षेप झाली. बोलताना आपण ‘हरकत नाही’ सहज म्हणतो, ‘हरकत आहे’ म्हणायला मात्र कचरतो. तेव्हा ‘म्हणणे मांडणे’ आणि ‘हरकत नोंदवणे’, हे दोन घ्या.

राज्याच्या हातात निवडणुकीचा कायदा असणं आपल्याकडेही अगदीच परकं नाही. लोकसभा-विधानसभेचे कायदे संसदेचे, पण ग्रामपंचायतीचा कायदा राज्याचा. सरपंच थेट लोकांतून निवडायचा, हे महाराष्ट्रात २०१७ला आलं, २०२०ला गेलं आणि २०२२ला परत आलं. तिन्ही वेळा ते मुंबईत ठरलं, दिल्लीत नाही. पत्रकात हे उदाहरण द्या, गावाकडच्या माणसाला लगेच कळेल.

‘मतदानाचा हक्क’ मात्र मला ठीक वाटतो. ‘मतदानाचा हक्क बजावा’ हे आमच्या भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं. तो रुळलेला शब्द आहे, तुम्हाला का खटकतो?

ऑस्टिनहून

काका, ‘हरकतदार’ घेतला! फार मोलाचा शब्द दिलात.

‘मतदानाचा हक्क’ का खटकतो, ते नीट सांगते, कारण माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडतं.

‘मतदान’ म्हटलं की डोळ्यांपुढे मत देण्याचा तेवढा क्षण उभा राहतो. केंद्रावर गेलो, खूण केली, बाहेर आलो. अमेरिकेच्या १९६५च्या मताधिकार कायद्यात ‘व्होट’ या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे आणि ती याहून कितीतरी मोठी आहे. मत परिणामकारक व्हायला जे जे करावं लागतं ते सगळं त्यात येतं: नाव नोंदवणं, मत टाकणं, ते नीट मोजलं जाणं आणि बेरजेत धरलं जाणं.

ही व्याख्या आमच्या शेजारच्याच काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एका खटल्यात कामी आली. २०१४ची गोष्ट. विल्यमसन काउंटीत एक बंगालीभाषक बाई मत द्यायला गेल्या. इंग्रजी फारसं येत नव्हतं, म्हणून मुलगा सोबत. ज्याला वाचता-लिहिता येत नाही त्याने आपल्या पसंतीचा मदतनीस न्यावा, ही मुभा केंद्र सरकारच्या याच कायद्यात १९८२पासून आहे. फक्त तो मदतनीस मतदाराचा नोकरीतला मालक, त्या मालकाचा माणूस किंवा मतदाराच्या कामगार संघटनेचा माणूस नसावा. मुलाने तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, मी आईला मतपत्रिकेचा अर्थ सांगायला आलोय. झालं, तो ‘मदतनीस’ न राहता ‘दुभाषी’ ठरला. टेक्ससच्या कायद्यात दुभाष्यासाठी वेगळी अट होती: तो त्याच काउंटीतला नोंदणीकृत मतदार हवा. मुलाचं नाव लगतच्या ट्रॅव्हिस काउंटीत होतं, म्हणून त्याला आईबरोबर जाऊ दिलं नाही.

राज्याचं म्हणणं असं, की केंद्राच्या कायद्यातली मदत फक्त मतपत्रिका भरण्यापुरती आहे. २०१७मध्ये फिफ्थ सर्किटच्या, म्हणजे टेक्सस ज्याच्या कक्षेत येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाने ते मानलं नाही. ‘व्होट’ची १९६५ची व्याख्या पुढे ठेवून न्यायालय म्हणालं, की मत देणं म्हणजे नुसती खूण करणं नव्हे, आणि राज्याची ही अट केंद्राच्या कायद्याशी विसंगत आहे. ‘मदतनीस’ आणि ‘दुभाषी’ या दोन शब्दांमधल्या फटीत एका बाईंची सोबत गेली, आणि तिसऱ्या एका शब्दाच्या व्याख्येने पुढच्यांना ती परत मिळाली. मी पत्रक करते आहे ते अशाच बायकांसाठी.

दुसरं उदाहरण घरातलं. इथे ६५ वर्षांच्या आणि त्यावरच्यांना टपालाने मत देता येतं. २०२१च्या कायद्याने पाकिटावर ओळख क्रमांक लिहिणं सक्तीचं झालं. पाकिटाचं जे झाकण चिकटवून बंद करतात, त्याच्या आतल्या बाजूला ती चौकट असते. माझ्या सासऱ्यांच्या ती नजरेतूनच सुटली. पाकीट चिकटवणार एवढ्यात मी उलटून पाहिलं, म्हणून बरं. मार्च २०२२च्या, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत टेक्ससमध्ये २४ हजारांहून जास्त टपाली मतं बाद झाली, आलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के. बहुतेक या क्रमांकाच्या घोळामुळे. त्या लोकांनी ‘मतदान’ केलं होतं हो. त्यांचं मत मात्र मोजलं गेलं नाही.

म्हणून मला ‘मताचा हक्क’ हवा आहे. नाव यादीत येण्यापासून मत बेरजेत धरलं जाईपर्यंतचं सगळं त्यात मावतं.

नाशिकहून

पटलं. माझा शब्द मागे घेतो. आयुष्यभर ‘मतदान’ लिहीत आलो, पण त्यातल्या ‘दान’ने हक्काची बाजू लंगडी होते, हे आज जाणवलं. ‘मतदार’ शब्दात तसं होत नाही. त्यातला ‘दार’ देणारा नाही, फारसीतला ‘बाळगणारा’ आहे, जमीनदार-ठाणेदारातला. मत ज्याच्या मालकीचं आहे तो मतदार.

डिचोलीहून

‘मताधिकार’ का नको? अर्थ तोच आहे, शब्द एकच आहे आणि कायद्याच्या पुस्तकात शोभतो.

गोव्याचा म्हणून एक भर घालतो. आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ला गोव्याने महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं यावर मत घेतलं, त्याला मराठीत ‘जनमत कौल’ म्हणतात. कौल अरबीतून आला, मूळ अर्थ शब्द, वचन. देवळात आम्ही देवाचा कौल घेतो. निवडणुकीत तो माणसाकडे येतो. ‘मतदारांचा कौल’ लिहिताना मतदाराला देवाच्या जागी बसवलेलं असतं, हे विसरू नये. मग त्याच मतदाराने आमदाराला ‘साकडं’ घालायचं? साकडं माणूस देवाला घालतो. वर्तमानपत्रांचे मथळे ‘ग्रामस्थांचे आमदारांना साकडे’ असे येतात तेव्हा मला वाईट वाटतं. पत्रकात साकडं, विनवणी, गाऱ्हाणं यातलं काही येऊ देऊ नका, ताई.

पुण्याहून

‘ॲडव्होकसी’साठी ‘जनवकिली’ हा सामाजिक संस्थांमधला शब्द आहे, मी स्वतः पुष्कळ वापरला. त्याला परंपराही आहे. पेशवाईत ‘वकील’ म्हणजे दुसऱ्याच्या दरबारातला आपला प्रतिनिधी, दिल्लीत हिंगणे होते तसे. पण वकील म्हटला की तो दुसऱ्यासाठी बोलतो, आणि तुमच्या आजी तर स्वतःसाठी बोलणार आहेत. ‘लॉबिंग’ तर नकोच. आपल्याकडे मंत्रिपदासाठी लॉबिंग होतं आणि तिकिटासाठी फिल्डिंग लागते, त्या पंगतीला आजींना बसवू नका. ‘रदबदली’ म्हणजे मध्यस्थी आणि ‘वशिला’ तर बदनाम.

माझ्या मते शब्द आपल्याकडे रोजच्या वापरात आहे: ‘पाठपुरावा’. एखाद्याची पाठ पुरवणे, म्हणजे तो जाईल तिथे मागे जाणे, सोडून न देणे. निवेदन एकदा दिलं की संपतं, फोटो निघतो, शिष्टमंडळ चहा पिऊन परततं. पाठपुरावा करणारा पुढच्या आठवड्यात फोन करतो, विधेयक समितीत गेलं की तिथे जातो, आमदाराचं मत पडलं की कोणत्या बाजूने पडलं ते विचारतो.

ऑस्टिनहून

पाठपुरावा! रोज दहा वेळा बोलते आणि हाच सुचला नाही.

‘मताधिकार’ मी कायद्याच्या नावात ठेवते आहे, बाकी पत्रकात ‘मताचा हक्क’. ‘मताधिकार’ ऐकल्यावर आमच्या इमारतीतल्या काकू म्हणाल्या, “हे आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं.” ‘मताचा हक्क’ ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे माझं मत मोजलं की नाही, हे मी विचारू शकते?” त्यांच्या त्या प्रश्नावर माझा निर्णय झाला.

आता मसुदा असा आहे:

‘आपल्या मताचा हक्क नाव नोंदवण्यापासून मत मोजले जाण्यापर्यंतचा आहे. त्यावर परिणाम करणारे विधेयक विधिमंडळात आले, तर आपल्या आमदाराच्या कार्यालयात फोन करा, आपले नाव व पत्ता सांगा, विधेयकाचा क्रमांक सांगा व हरकत नोंदवा. समितीच्या सुनावणीला जाऊन आपले म्हणणे मांडता येते. स्वतःसाठी, पैसे न घेता बोलणाऱ्याला कोणत्याही परवान्याची गरज नाही. एकदा बोलून थांबू नका, पाठपुरावा करा.’

एक शेवटचा शब्द उरलाय. सुनावणीला गेल्यावर पडद्यावर नाव नोंदवताना तीन पर्याय असतात: ‘फॉर’, ‘अगेन्स्ट’ आणि ‘ऑन’. न बोलता नुसती बाजूही नोंदवता येते. विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात, १० जुलै २०२१च्या शनिवारी खालच्या सभागृहाच्या समितीपुढे निवडणूक विधेयकाची सुनावणी रात्रभर चालली, रविवारी सकाळपर्यंत. माझा नंबर आला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. माझ्या आधीच्या आजोबांनी ‘ऑन’ निवडलं होतं, कारण त्यांना वाटलं ‘ऑन’ म्हणजे ‘चालू’, म्हणजे होकार. त्यांना खरं तर विरोध करायचा होता. तो त्यांनी बोलून दाखवला, पण नोंद झाली ती ‘ऑन’ची.

‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ सोपे आहेत. ‘ऑन’ म्हणजे कोणतीही बाजू न घेता विषयाची माहिती देणारा. ‘तटस्थ’ लिहिलं तर काठावर बसलेला वाटतो.

नाशिकहून

आमच्या सुनावणीत अशा माणसापुढे ‘माहितीस्तव’ लिहायचो. आणि पत्रकात तिन्ही इंग्रजी शब्द देवनागरीत ठळक छापून त्यांच्यासमोर मराठी द्या, ताई. तिथे पडद्यावर दिसणार इंग्रजीच, बोट नेमकं कशावर ठेवायचं ते त्यांना आधी माहीत हवं.