मदत हवी आहे : एअर रायफलची वेगळ्या पिळाची नळी घ्यावी का?

माझी पुतणी दारव्ह्याजवळच्या गावी, कापसाच्या रिकाम्या कोठ्यात १० मीटरवर एअर रायफलचा सराव करते. दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. एका विक्रेत्याने तिला बहुतांश गुळगुळीत आणि केवळ तोंडाशी पीळ (छऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) असलेली नळी सुचवली आहे. ब्रिटिश अभियंते व्हिटवर्थ यांच्या आतून षट्कोनी असलेल्या नळीने १८५७ च्या चाचण्यांत ब्रिटिश सैन्याच्या एनफिल्ड रायफलीला मागे टाकले होते, त्यामुळे प्रत्येक वेगळेपणाला मी थोतांड म्हणणार नाही. मात्र बाहेरच्या खाचांमुळे नळी लवकर थंड होते, हा त्याच विक्रेत्याचा मुद्दा येथे गैरलागू आहे, कारण हवेच्या रायफलीत दारूच जळत नाही. रायफल शिकंज्यात आवळून पाहिली, तेव्हा एका डबीचे पाचही छरे एकाच भोकात गेले, दुसरीचे बोटाच्या पेराएवढे फाकले. मग नळी बदलावी की छरेच पारखून घ्यावेत? दोन्ही प्रकारच्या नळ्यांतून एकाच डबीतील छरे कोणी झाडून पाहिले असल्यास कृपया कळवावे.